सुरमई, अकरा वेळा

लेप्याच्या जबड्यातून वीतभर तंगूस लोंबत होता
आणि त्याच्या टोकाचा गळ कुठेतरी आत.
ओढू नका, ओढू नका, म्हणत जनाबायने कोयतीने दोरी कापली,
तुकडा कमरेला खोचला,
आणि त्याला पाटीत घालून रिक्षा दापोलीला पिटाळली.

तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरला.
इथे नाही व्हायचं. रत्नागिरी. आज रात्री.
अठरा हजार, गाडी वेगळी.
तोवर सलाईनवर ठेवतो.

लेप्या कुणाचा,
हे हर्णैच्या बंदरात कधी कुणी विचारलं नव्हतं.
उन्हाळाभर आमच्या बर्फाच्या कारखान्यात
ओल्या लादीवर चपटा पडून असायचा, म्हणून लेप्या.
अब्बासभाई त्याला हात लावत नसत,
पण जाळी शिवताना दिवसभर त्याच्याशीच बोलत.
एकदा त्यांच्या होडीतून दोन रात्री जाऊन आला,
उलट्या करत.
नंतर आठवडाभर समुद्राकडे पाठ करून बसला.

घमेलं फिरलं. दोन हजार तीनशे चाळीस.
मासळी नव्हती त्या पंधरवड्यात,
डिझेलचेही पैसे निघत नव्हते, कुणाला काय बोलणार.
मी कारखान्याचा हिशेबनीस,
जनाबायने वही माझ्या पुढ्यात टाकली.
म्हणाली, हिशोब तुज्याकडंच असूं दे.

मग संध्याकाळच्या लिलावात
तिने आपली एकुलती एक सुरमई वाळूवर आडवी ठेवली.
बोला.
सातशेला गेली.
घेणाऱ्याने पैसे मोजले, मासा उचलला,
दोन पावलं गेला, परत आला,
आणि सुरमई होती तिथे ठेवून दिली.
जनाबायने त्याच्याकडे पाहिलंही नाही.
बोला, परत बोला.

नऊशे. बाराशे.
पुण्याच्या पाहुण्यांना वाटलं इथली रीतच असेल,
त्यांनी दोन हजार देऊन ठेवली, फोटो काढला.
लाइटच्या मीटरवाल्याला लेप्या दोनदा चावला होता,
तो म्हणाला, पाचशे. आणि पावती पाहिजे.
मी पावती फाडली.
अब्बासभाई काही न बोलता दोन बोटं वर करून उभे राहिले,
दोनशे की दोन हजार, विचारायची हिंमत झाली नाही.
दोन हजार होते.
सातव्या-आठव्या वेळेला सुरमईचे डोळे पांढुरले,
अंगाला वाळू चिकटून ती भाजायला मसाला लावल्यासारखी दिसत होती.
अकराव्यांदा घेणाऱ्याने तिला उचललंच नाही,
नुसता पाय लावून नमस्कार केला,
म्हणजे पाय चुकून लागला, म्हणून.

सुलेमानचा टेंपो निव्वळ डिझेलवर निघाला.
सतरा हजार दोनशे चाळीस.
खाली मी चार हजार लिहिले,
नावाच्या जागी रेघ.
बेरीज दोनदा केली. हात कापत होता,
बर्फात काम करणाऱ्याचा कापतोच.

पाचव्या दिवशी लेप्या आला,
पोट भादरलेलं, गळ्यात प्लास्टिकचा कर्णा,
प्रत्येक पाटीला ठेचकाळत, स्वतःलाच भुंकत.
डॉक्टरांनी गळ औषधाच्या बाटलीत घालून दिला होता.
जनाबायने ती माझ्यासमोर ठेवली.
वहीसंगती ठेव.

गळाच्या नेढ्यात अजून गाठ होती.
पाच वेढे, आणि शेपूट उलटं आत घेतलेलं.
माझ्या बापाची गाठ.
या बंदरात दुसरं कुणी तशी मारत नाही.
त्या रविवारी फत्तेगडाखालच्या खडकांत
कोलंबी लावून दोरी दगडाखाली दाबली होती मी,
फोन आला आणि घरी गेलो.
एवढंच.

जनाबाय पाटी डोक्यावर घेऊन निघाली.
कमरेला तो तंगूसाचा तुकडा अजून तसाच,
पहिल्या दिवशीच तिच्या बोटांतून गेलेला.
आणि वही माझ्या पुढ्यात टाकली तेव्हा मला वाटलं होतं,
माझं अक्षर चांगलं म्हणून.